कोंदेइशातले स्वयंपाकघर

खडूचा तुकडा अंगठ्याएवढा उरला तेव्हा यादवराव गुडघ्यांवरून उठले, टेपचे टोक विटेखालून सोडवले आणि मोटार नसलेल्या त्या गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीकडे मान तिरकी करून पाहू लागले. जमिनीवर एका घराचा अर्धा भाग उमटला होता. बाहेरच्या दाराचा उंबरठा, त्याच्यापुढे सहा पावलांचा अरुंद बोळ, बोळाच्या शेवटी स्वयंपाकघर, डाव्या हाताला चूल, तिच्यामागे धान्याची कोठी आणि पलीकडे शेळ्यांच्या गोठ्यात उघडणारे दार. सगळे खऱ्या घराच्या मापाने, एकास एक.

"आता चाला," ते म्हणाले.

गॅरेजच्या तोंडाशी ओलिंडाबाई उभ्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, अंगात लोकरी स्वेटर, जाड मोज्यांवरच चढवलेल्या जँडल्स, म्हणजे येथल्या रबरी चपला. बाहेर ऑकलंडच्या जुलैतली बारीक सर येऊन गेली होती आणि हिल्सबरोच्या उतारावरून खालची मानुकाऊची खाडी शिसपेन्सिलीच्या रंगाची दिसत होती.

"कुठून चालू?"

"बाहेरच्या दारातून. तुम्ही बाजारातून आला आहात, हातात सामान आहे. विचार करू नका. नुसतं घरात या."

"मिस्टर यादव, त्या घरातून मी निघाले त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली."

"पायांना वर्षं मोजता येत नाहीत, मॅडम."

"मॅडम म्हणू नका. शाळेतल्या बाई छडी घेऊन मागे उभ्या आहेत असं वाटतं."

तरीही त्या शाळकरी मुलीसारख्याच निमूट निघाल्या. उंबरठा ओलांडताना त्यांनी मान किंचित खाली घातली, म्हणजे दार ठेंगणे होते. यादवरावांनी वहीत नोंद केली. बोळातून जाताना त्यांचा उजवा खांदा आपसूक आत ओढला गेला. तिथे भिंतीतून काहीतरी पुढे आलेले असणार. पुन्हा नोंद झाली. बोळ संपला, स्वयंपाकघराची खडूची रेघ आली, आणि तिथे ओलिंडाबाई थबकल्या. डावा हात नसलेल्या भिंतीवर टेकला. उजवे पाऊल पुढे आले, गुडघा वाकला, आणि सपाट सिमेंटवर ते पाऊल खालची जागा चाचपत उतरले. मग डावे उतरले. मग त्या उभ्या राहिल्या आणि आश्चर्याने स्वतःच्या पायांकडे पाहू लागल्या.

"इथे पायऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "दोन. बघा, मी सांगायचं विसरले आणि गुडघ्यांना आठवलं."

यादवरावांनी लिहिले : स्वयंपाकघर, उतरत्या पायऱ्या २, स्वतः वापरलेल्या.

यादवराव खोब्रागडे चौतीस वर्षे पुरातत्त्व खात्यात आरेखक होते. उत्खननात जे निघेल ते मोजायचे आणि कागदावर उतरवायचे, एवढेच त्यांचे काम. पण त्या एवढ्यावर त्यांनी आयुष्याचा सारा काटेकोरपणा खर्च केला होता. त्या कामाचा पहिला नियम कोणत्याही शिकाऊ माणसाला ठाऊक असतो : डोळ्यांनी पाहिलेली भिंत सलग रेघेने काढावी आणि अंदाजाने धरलेली तुटक रेघेने. यादवरावांनी तो नियम नोकरीपुरता ठेवला नाही, स्वभावातच मुरवला. एकदा एका साहेबांनी आराखड्यावर बोट ठेवून म्हटले होते की, भिंत दिसत नसली तरी ती इथे असणारच, तेव्हा रेघ सलग करून टाका. यादवराव म्हणाले होते, असेल तर खणा, मग काढतो. तीन दिवस खणल्यावर भिंत निघाली, ती दोन हात अलीकडे. साहेबांनी त्यानंतर त्यांच्याशी वाद घातला नाही. गप्पाही मारल्या नाहीत.

निवृत्तीनंतर, आणि पत्नी वारल्यावर, ते सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले होते. निशा रुग्णालयात परिचारिका, जावई अमेय शहरातल्या एका आयटी कंपनीत. दिवसभर घरात यादवराव, टबात लावलेली मेथी आणि समोरचे लाकडी कुंपण. चौथ्या दिवशी त्यांनी ते कुंपण मोजले. पाचव्या दिवशी कुंपणापलीकडे मोठ्या पानांचा, देठाळ कोबी खुडणाऱ्या शेजारीणबाईंना त्यांनी सांगितले की, हे कुंपण वीस मीटरांत चाळीस सेंटिमीटर वाकडे गेले आहे.

"माझा नवराही सरळ नव्हता," त्या म्हणाल्या होत्या. "कुंपण त्यानेच घातलं."

तेथून ओळख वाढली. मेथीची जुडी पलीकडे जाई, कोबीची पाने अलीकडे येत. दोघांचे इंग्रजी दोन वेगळ्या दिशांनी आलेले होते, एकाचे सरकारी अहवालांतून आणि दुसरीचे कपडे शिवण्याच्या कारखान्यातून, आणि दोघांनाही एकमेकांचे ते इंग्रजी येथल्या लोकांच्या इंग्रजीपेक्षा सोपे जाई. जुन्या जागा खणणाऱ्या खात्यात हा मनुष्य होता, हे कळले त्या दिवशी ओलिंडाबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली आणि त्यांना आत बोलावले.

मग त्यांनी आपले गाव सांगितले. पोर्तुगालच्या मध्यभागी, कुइंब्रा शहराच्या दक्षिणेला कोंदेइशा नावाचे छोटे गाव आहे : एक चौक, एक चर्च, रंगीत नक्षीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्या. ते नवे कोंदेइशा. त्याच्याजवळच टेकाडावर जुने कोंदेइशा, म्हणजे पाच-पन्नास घरे; ओलिंडाबाईंचे घर त्यांतले. आणि त्या घरांच्या अंगणाला अंगण लावून कोनिंब्रिगा, रोमन लोकांचे ओसाड शहर. त्याचे रस्ते, हमामखाने, कारंज्यांची घरे, आणि घराघरांत बारीक रंगीत खड्यांच्या चित्रांची जमीन. त्यांच्या लहानपणी तेथे खोदकाम जोरात सुरू होते आणि आसपासची शेते सरकार घेत होते. घरेही घेईल, असे गावात बोलले जाई.

एकोणचाळीस सालच्या हिवाळ्यात त्यांच्या वडिलांनी स्वयंपाकघरात मोरीचा पाट नीट करायला कुदळ घातली. जमीन चोपलेल्या मातीची होती. चार बोटे मातीखाली खडे लागले : पांढरे, काळे, विटकरी. ओलिंडाबाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. आईने त्यावर चटई टाकण्यापूर्वी त्यांनी चुलीजवळ तळहाताएवढा तुकडा पाहिला होता, माशाच्या शेपटीचा. दुसऱ्या दिवशी त्यांना मावशीकडे नव्या कोंदेइशात धाडले. बाराव्या दिवशी परत आणले तेव्हा स्वयंपाकघरात मातीऐवजी दगडी फरशी होती, वीतभर जाड लाद्यांची. त्या लाद्या आधी वर्षभर अंगणात रचून ठेवलेल्या असत आणि ओलिंडाबाई त्यांवर बसून बाहुली निजवीत. म्हणून जाडी त्यांना पक्की ठाऊक. वडिलांनी त्या विषयावर मरेपर्यंत तोंड उघडले नाही.

"त्यांनी ते झाकून ठेवलं," ओलिंडाबाई म्हणाल्या. "पेटीवर झाकण ठेवावं तसं. घर जाऊ नये म्हणून."

थोरला भाऊ अर्मांदो वेगळे म्हणे. तो तेव्हा बारा वर्षांचा, शेळ्या घेऊन दिवसभर टेकडीवर असे. तेथून त्याने वडिलांना घर आणि ओढा यांच्यामध्ये टोपल्या वाहताना पाहिले होते. त्याच्या मते वडिलांनी ती चित्राची जमीन कुदळीने फोडून ओढ्यात टाकली, म्हणजे कोणी शोधायला आले तरी काही सापडू नये. ओलिंडाबाईंच्या मते टोपल्यांतून ओढ्याची वाळू घरी येत होती, लाद्या बसवायला. टोपल्या भरून जात होत्या की भरून येत होत्या, एवढ्यावर बहीणभावांनी चाळीस वर्षे, दोन खंडांतून, नाताळच्या पत्रांत भांडण केले. पुढे अर्मांदो गवंडी झाला, घरात राहिला आणि तीन वर्षांपूर्वी वारला.

आता त्या घरात त्याचा मुलगा रुई बायको आणि दोन मुलांसह राहत होता. स्वयंपाकघरात ओल इतकी होती की मुलांचा खोकला वसंतापर्यंत हटत नसे. फरशी काढून खाली पाणी अडवणारा थर आणि नवी नळी टाकायची, तर अर्ध्या घराची मालकीण असलेल्या आत्याची सही हवी. संमतीचा कागद तीन वर्षे ओलिंडाबाईंच्या फ्रीजवर चुंबकाने लावलेला होता. रुई भला मनुष्य. गेल्या पत्रात त्याने लिहिले होते की, आत्या, चित्र नेमके कोठे आहे तेवढे काढून पाठव, मी तेवढी जागा सोडून खणतो. आणि हे कागदावर कसे काढावे ते ओलिंडाबाईंना येत नव्हते.

यादवरावांना ते येत होते. शिवाय त्यांना आता दुसरे काही सुचत नव्हते.

रविवारी जेवताना त्यांनी विषय काढला, किंवा अमेयच्या मते, विषय त्यांनी ताटाबाहेर जाऊच दिला नाही. माउंट रॉस्किलच्या वाचनालयातून त्यांनी रोमन शहरांवरचे एक जाड पुस्तक आणले होते आणि त्यातले एक पान ते दोघांना पुन्हा पुन्हा दाखवीत होते. कोनिंब्रिगाच्या लोकांनी उतरत्या काळात शत्रूच्या भीतीने शहराभोवती नवी तटबंदी घाईघाईने उभारली होती. तट छोटा करावा लागला, म्हणून तो थेट घरांवरून नेला. ज्यांची घरे आड आली ती पाडली, त्यांचेच दगड तटात भरले, आणि कारंज्यांची, चित्रांच्या जमिनींची उत्तम घरे तटाबाहेर पडली ती पडलीच.

"म्हणजे डिमॉलिशनची नोटीस न देता?" अमेयने विचारले. "इथे आपल्याला साधा डेक वाढवायचा तर काउन्सिलने चार महिने लोंबकळत ठेवलं."

"थट्टा करू नकोस. मुद्दा समजून घे. शहर वाचावं म्हणून त्यांनी शहरच फोडलं. हे बरोबर की चूक?"

"वाचलं का मग?"

"दीडशे वर्षं वाचलं. मग शत्रू आलाच."

"दीडशे वर्षं म्हणजे हीप्स झाली, पुष्कळच झाली, बाबा," निशा म्हणाली. "सहा पिढ्या जगल्या त्या तटाआड. रुग्णालयात एखाद्या पेशंटला सहा महिने वाढवून मिळाले तरी मी चूक म्हणत नाही. भाजी घ्या, त्याच बाईंच्या कोबीची आहे."

यादवरावांनी भाजी घेतली. उत्तर त्यांना पटले नव्हते, पण ते खोडायला हाताशी काही नव्हते, आणि अशा वेळी ते घास बराच वेळ चावीत.

जेवणानंतर निशा कामावर गेली, अमेय टीव्हीसमोर डोळे मिटून बसला, आणि यादवरावांनी जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंगचा कागद पसरून वहीवरून पक्का आराखडा काढायला घेतला. एकास वीस. शाईचे पेन त्यांनी सोबत आणलेले होतेच. हा सामानातला जिन्नस निशाला कधीच समजला नव्हता. बाहेरच्या भिंती सलग. चूल सलग. कोठी सलग. चुलीजवळ तळहाताएवढा ठिपका, सलग, कारण तो ओलिंडाबाईंनी पाहिला होता. त्याच्याभोवती चित्राच्या जमिनीची संभाव्य हद्द, तुटक. मग बोळाच्या शेवटी दोन आखूड समांतर रेघा आणि उतार दाखवणारा बाण. बाणाजवळ त्यांनी दोनचा आकडा घातला, पेन उचलले, आणि ते तसेच हवेत राहिले.

लाद्या वीतभर जाड. चित्र चार बोटे मातीखाली. वडिलांनी चार बोटे माती काढून चित्रावरच लाद्या बसवल्या असतील, तर स्वयंपाकघराची जमीन निदान एका पायरीएवढी वर आली असणार. वीत उणे चार बोटे, एवढा हिशेब कोणताही गवंडी करील. मग वरून उतरणाऱ्या पायऱ्यांतली एक लादीखाली गेली असणार. ओलिंडाबाई घर सोडून निघाल्या तेव्हा पायऱ्या दोन होत्या. त्यांच्या गुडघ्यांनी तशी साक्ष दिली होती. तेव्हा त्या हिवाळ्यापूर्वी पायऱ्या तीन असतील, तर चित्र आजही शाबूत आहे. आणि आधीही दोनच असतील, तर जमीन वर आलेली नाही; म्हणजे लाद्यांना जागा करायला खाली वीतभर खणले गेले, आणि त्या वीतभरात जे होते ते ओढ्यात गेले.

म्हणजे चाळीस वर्षांचे भांडण एका आकड्यावर येऊन थांबले होते. पाहिलेल्या गोष्टीच्या आकड्यावर. सात वर्षांच्या मुलीला आपल्या घराच्या पायऱ्या ठाऊक असतात.

यादवराव उठून काचेच्या दाराशी गेले. कुंपणापलीकडे ओलिंडाबाई कोबीची खालची पिवळी पाने खुडून बादलीत टाकीत होत्या. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर. चौतीस वर्षांत त्यांनी मजुरांना, पाटलांना, गुराख्यांना, एकदा तर एका आजारी पुजाऱ्यालाही बाजेवरून उठवून प्रश्न विचारले होते, आणि कोणताही प्रश्न ओठांवर येऊन परत गेलेला नव्हता. त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हात काढून ते टेबलाशी आले आणि उत्तर दिशेचा बाण काढू लागले, जो त्यांनी आधीच काढलेला होता.

रात्री घरी परतल्यावर निशाने आराखड्यावरून नजर फिरवली.

"झालं का तुमचं?"

"एक प्रश्न राहिलाय."

"मग विचारा ना. समोर तर राहतात त्या."

"विचारला तर उत्तर येईल," यादवराव म्हणाले आणि कागदाची गुंडाळी केली.

सोमवारी दुपारी तीनच्या सुमाराला ते कागद घेऊन पलीकडे गेले. ओलिंडाबाईंनी टेबल पुसले, हात पुसले, चष्मा पुसला. कागदाच्या चारही कोपऱ्यांवर त्यांनी चार कप ठेवले आणि वाकून पाहू लागल्या. त्यांचे बोट उंबरठ्यावरून आत शिरले, बोळातून गेले, चुलीपाशी थांबले. चिमुकल्या ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवले नाही, त्याच्या कडेने फिरवले.

"आणि हे तुटक?"

यादवरावांनी नियम सांगितला : पाहिलेले सलग, धरून चाललेले तुटक.

"आमच्या कारखान्यात तुटक रेघ म्हणजे कच्चा टाका. पक्की शिलाई मारली की ओढून काढून टाकायचा." त्यांनी मान वर केली नाही. "रुईला हे समजेल?"

"गवंड्याचा मुलगा आहे. समजेल."

बोट पुन्हा मागे आले. दोन आखूड रेघांवर, बाणावर, आकड्यावर. तेथे ते थांबले.

"मिस्टर यादव, तुम्ही मला भांड्यांच्या फळीची उंची विचारलीत. दार कुठल्या हाताने उघडायचं ते विचारलंत. शेळ्या किती होत्या तेसुद्धा विचारलंत."

"गोठ्याच्या मापासाठी."

"मग या पायऱ्यांचं एक विचारायचं राहिलं."

यादवरावांनी एका कोपऱ्यावरचा कप उगाचच थोडा सरकवला. "या आराखड्यात उंची येत नाही," ते म्हणाले. "हा वरून पाहिलेला असतो. त्यात लांबी आणि रुंदी एवढंच."

ते खरे होते. त्या धंद्यातल्या कोणीही ते मान्य केले असते.

ओलिंडाबाई हसल्या, पण तोंडभर नाही. त्या उठल्या, पाणी भरून केटल लावली, आणि त्यांच्याकडे पाठ करूनच बोलू लागल्या. अर्मांदोने मरण्याआधी दोन आठवडे फोन केला होता, हे त्यांनी सांगितले. आवाज फार खाली गेलेला. बाबांचे नाव काढले नाही, टोपल्यांचे नाव काढले नाही. एवढेच विचारले की, ओलिंडा, तुझी आठवण माझ्यापेक्षा चांगली. त्या हिवाळ्याआधी आपल्या पायऱ्या किती होत्या?

"गवंडी होता. सगळ्या आयुष्यात ते कधी त्याच्या डोक्यात आलं नाही, आणि पडल्या पडल्या आलं."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

"तीन."

केटल बोलू लागली होती. त्यांनी ती उकळण्याआधीच बंद केली.

"लहानपणी रात्रीचं जेवण आम्ही पायऱ्यांवर बसून जेवायचो. वरची माझी, खालची त्याची. थाळी गुडघ्यांवर. तिसरी असती तर तिच्यावर कोण बसलं असतं? त्याला हे ठाऊक नव्हतं असं तुम्हाला वाटतं?"

यादवरावांची नजर आराखड्यावरच्या दोनच्या आकड्यावर गेली.

"तो म्हणाला, बरं. इतकंच. मग रुईला जवळ बोलावून सांगितलं, आत्या म्हणते तीन, आत्याचं खरं धर, तिला विचारल्याशिवाय फरशीला हात लावू नको." त्या वळल्या. "चाळीस वर्षं मी त्याला खोटा म्हटलं. आणि शेवटी त्याने माझं खोटं घेऊन ठेवलं. आता मी सही केली तर तीन दिवसांत रुई लादी उचलील, आणि खाली साधी माती निघेल. नाही केली तर पोरं खोकतात. मग तुम्ही वही घेऊन आलात. मला वाटलं, हा माणूस सगळं विचारतो. हा विचारील."

"काल मी दारापर्यंत आलो होतो."

"पाहिलं मी. कडीला हात होता तुमचा." त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "अर्मांदोने विचारलं तेव्हा मला खरं सांगता आलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आलं. असं का होतं?"

यादवरावांनी आराखड्याची वळलेली कड तळहाताने सपाट केली.

"तुमच्या वडिलांनी घर वाचवलं," ते म्हणाले. "घरासाठी फोडलं असेल. माझी मुलगी म्हणते, सहा पिढ्या म्हणजे पुष्कळ झाल्या."

"कोणाच्या सहा पिढ्या?"

यादवरावांनी तटाची गोष्ट सांगितली. ओलिंडाबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग म्हणाल्या की, तो तट त्यांना चांगला ठाऊक आहे. लहानपणी त्या त्याच्यावर कपडे वाळत घालीत, आणि कोणाची घरे मोडून तो बांधला हे कोणीही कधी सांगितले नव्हते. त्यावर दोघेही थोडे हसले.

"उंचीसाठी वेगळा कागद असतो ना?" त्यांनी विचारले.

"असतो. उभा छेद म्हणतात. सुरीने वडी कापून बाजूने पाहावी तसा."

"मग तो काढा."

यादवरावांनी नवा कागद काढला. बोळाची जमीन ओढली, तिच्या टोकाशी पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि मग आडवी लांब रेघ, स्वयंपाकघराच्या तळाची. सगळ्या सलग. त्या रेघेवर त्यांनी लिहिले, आधीही आणि नंतरही. तिच्याखाली वीतभर जाडीची लादी काढली. ओलिंडाबाईंनी वाकून पायऱ्या मोजल्या, बोटाने, पोर्तुगीज भाषेत. मग त्यांनी फ्रीजवरचा कागद काढून आणला, चुंबक स्वेटरच्या खिशात टाकला, सही केली आणि तारीख घालताना यादवरावांनाच तारीख विचारली.

"लादीखाली काय दाखवू?" यादवरावांनी विचारले. पेन अजून हातातच होते. माती असेल तर तिरप्या बारीक रेघा मारायच्या. त्या मारायला एक मिनिटही लागले नसते.

ओलिंडाबाईंनी घड्याळाकडे पाहिले. चार वाजले होते. कोंदेइशात पहाटेचे पाच; रुई सातला उठे. त्यांनी टेलिफोन भिंतीजवळून ओढून टेबलावर आणून ठेवला, आराखड्याच्या कागदाला धक्का लागणार नाही असा.

"आज काही नका दाखवू," त्या म्हणाल्या. "तो लादी उचलू दे. जे दिसेल ते मी त्याला फोनवर धरून विचारीन, तुम्ही विचारता तसं, एकेक. तुम्ही शेजारी बसा आणि मला प्रश्न सुचवा."

"मी सप्टेंबरात परत जाणार आहे."

"मग त्याला घाई करायला सांगते," ओलिंडाबाई म्हणाल्या, आणि सूपसाठी कोबी चिरायला उठल्या, कारण कोंदेइशात सात वाजायला अजून दोन तास होते.